श्वासासाठी लोखंड : धातूंचे क्षपण करणाऱ्या जलजीवाणूंच्या अभ्यासाचा आढावा

गडचांदूर मागे टाकून जिवतीचा घाट चढू लागले की खडक बदलतो. पायथ्याशी सिमेंटला लागणारा चुनखडक, वर माणिकगडाच्या पठारावर काळा बेसाल्ट. चुनखडक पैनगंगा समूहातला आहे. त्याचे वय शंभर कोटी वर्षांच्या आसपास मानले जाते. हाच पट्टा पुढे तेलंगणात आदिलाबादकडे जातो आणि तिथे चुनखडकाच्या थरांत मँगनीज ऑक्साइडच्या पातळ पट्ट्या सापडतात. चंद्रपूर जिल्ह्यात लोहारा आणि पिपळगावचे लोहखनिज आहे, ठाणेवासन्याचे तांबे आहे, वर्धा खोऱ्याचा कोळसा आहे. गडचिरोलीत सुरजागड आहे. जमशेटजी टाटांच्या मनात पोलादाने घर केले तेही याच मुलखामुळे. रिटर फॉन श्वार्त्झ यांनी चांदा जिल्ह्यातील लोखंडाविषयी लिहिलेला १८८२ चा अहवाल त्यांच्या वाचनात आला होता. लोहाऱ्याचे खनिज चांगले होते, पण वरोऱ्याचा कोळसा भट्टीला चालेना, म्हणून तो बेत पुढे गेला नाही.

ज्या खनिजाला वितळवायला माणसाला भट्टी लागते, ते तलावातल्या गाळात मंदपणे, साध्या तापमानाला विरघळत असते. हे काम करणारे जीवाणू गेली पस्तीस-चाळीस वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांत अभ्यासले जात आहेत. त्यांच्याकडून दूषित पाणी शुद्ध करून घेता येईल, वीज मिळवता येईल, धातू काढता येतील अशा आशा बांधल्या गेल्या. त्यांतल्या काही फळाला आल्या, काही अजून प्रयोगशाळेच्या बाहेर पडलेल्या नाहीत. याच जीवाणूंमुळे पिण्याच्या पाण्यात विष उतरते हेही मधल्या काळात सिद्ध झाले. खाणी, औष्णिक वीज केंद्र, धानाच्या बांध्या आणि हातपंप जिथे एकमेकांना खेटून आहेत, त्या चंद्रपूर-गडचिरोलीने या चर्चेकडे नीट लक्ष द्यायला हवे.

गाळात काय चालते

पूर्व विदर्भातल्या कुठल्याही मामा तलावाचे, म्हणजे माजी मालगुजारी तलावाचे पाणी ओसरले की काठाशी फावड्याने गाळाचा उभा काप काढून पाहावा. वरचा नखभर थर तांबूस-तपकिरी असतो. त्याखाली करडा-हिरवट गाळ लागतो आणि आणखी खाली काळाभोर, सडक्या अंड्याच्या वासाचा. वरचा तांबूस रंग गंजलेल्या लोखंडाचा, म्हणजे फेरिक लोहाचा. मधल्या थरात तेच लोह फेरस रूपात असते. तळाच्या काळ्या रंगामागे लोहाचे सल्फाइड असते.

हा क्रम श्वसनाचा आहे. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन कुणाच्या तरी हाती सोपवल्याशिवाय कोणत्याही जिवाला ऊर्जा मिळत नाही. आपण ते ऑक्सिजनला देतो. गाळात ऑक्सिजन काही मिलिमीटरांतच संपतो. मग जीवाणू नायट्रेटकडे वळतात, त्यानंतर मँगनीजकडे, लोहाकडे, सल्फेटकडे. काहीच उरले नाही की मिथेन तयार होऊ लागतो. इलेक्ट्रॉन स्वीकारण्याच्या क्रियेला क्षपण म्हणतात. फेरिक लोहाचे क्षपण झाले की ते फेरस होते. फेरिक लोह पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, फेरस विरघळते. या क्षेत्रातल्या सगळ्या आशा आणि सगळे धोके या एका फरकातून निघतात.

धानाच्या बांधीत धुऱ्यालगत साचलेल्या पाण्यावर कधी कधी तेलासारखी रंगीत साय दिसते. कुणीतरी डिझेल सांडले असे पाहणाऱ्याला वाटते. काडीने डिवचले की फरक कळतो. तेलाचा तवंग मोडला तरी पुन्हा जुळून येतो; ही साय तडकते आणि तिचे तुकडे वेगळेच राहतात. खालच्या चिखलातून वर आलेले फेरस लोह हवेशी गाठ पडताच पुन्हा गंजते, त्याची ही साय. खाली क्षपण चालू असल्याची याहून स्वस्त खूण दुसरी नाही.

हे सगळे रासायनिक आपोआप घडते असा समज पुष्कळ काळ होता. ऑक्सिजन संपला की लोह विरघळणारच, जीवाणूंचा हात लागला तर नाममात्र, असे मानले जाई. १९८७ साली डेरेक लव्हली यांनी अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळातून एक जीवाणू वेगळा केला. फेरिक लोहावर श्वसन करून तो मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज बनवत होता. पुढे त्याला जिओबॅक्टर मेटॅलिरिड्यूसेन्स हे नाव मिळाले. १९८८ मध्ये चार्ल्स मायर्स आणि केनेथ नील्सन यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या ओनायडा सरोवरातून दुसरा जीवाणू काढला. तो मँगनीज ऑक्साइडवर वाढत होता. तोच आज शेवानेला ओनायडेन्सिस एमआर-१ म्हणून ओळखला जातो. दोघेही गोड्या पाण्याच्या गाळातले, पण स्वभावाने वेगळे. शेवानेलाला ऑक्सिजन असला तरी चालतो आणि नसला तरी चालतो. जिओबॅक्टर मुख्यतः ऑक्सिजनविरहित जागेतला आणि तिथे तो धिम्या पण खात्रीच्या गतीने काम करतो. शेवानेलाचा जनुकसंच २००२ मध्ये आणि जिओबॅक्टर सल्फरिड्यूसेन्सचा २००३ मध्ये वाचून झाला.

इलेक्ट्रॉन बाहेर जातो कसा

खनिजाचा कण जीवाणूच्या पोटात शिरू शकत नाही. त्यामुळे इलेक्ट्रॉन पेशीच्या भिंतीबाहेर पाठवावा लागतो. शेवानेलाच्या बाबतीत हे कोडे बरेचसे सुटले आहे. भिंतीच्या आरपार हीम असलेल्या सायटोक्रोम प्रथिनांची रांग असते, आणि शिवाय तो फ्लेविन नावाचे छोटे रेणू बाहेर सोडून त्यांच्याकरवी इलेक्ट्रॉन पोहोचवतो. फ्लेविनची भूमिका २००८ मध्ये स्पष्ट झाली.

खरा वाद जिओबॅक्टरचा आहे. २००५ मध्ये लव्हलींच्या गटाने सांगितले की त्याच्या अंगावरच्या केसांसारख्या तंतूंतून, म्हणजे पिलींतून, वीज वाहते. 'सूक्ष्म तारा' ही कल्पना तेव्हापासून गाजली. आयआयटी मुंबईत शिकून मॅसॅच्युसेट्सला गेलेले निखिल मालवणकर यांनी २०११ मध्ये लव्हलींबरोबर या तंतूंची वाहकता धातूसारखी असल्याचे मोजमाप प्रसिद्ध केले. पुढे मालवणकर येल विद्यापीठात गेले. २०१९ मध्ये त्यांचा आणि इतरांचा गट अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहून वेगळ्या निष्कर्षाला आला: ज्यांना पिली म्हटले जात होते ते तंतू ओएमसीएस या सायटोक्रोमची एकावर एक रचलेली साखळी आहेत. २०२१ मध्ये त्यांच्या गटाने पुढे असेही मांडले की खऱ्या पिलींचे काम तारेचे नसून प्रथिने बाहेर ढकलण्याचे आहे.

लव्हली आणि त्यांच्या बाजूचे संशोधक हे मान्य करत नाहीत. सायटोक्रोमचे तंतू असतात हे ते नाकारत नाहीत. पण ओएमसीएस नसलेल्या जीवाणूंतही वाहक तंतू मिळतात, आणि पिलीचे प्रथिन दुसऱ्या जीवाणूत बनवले तरी ते वीज वाहते, असे त्यांचे म्हणणे आहे. माझ्या मते रचनेचा पुरावा सायटोक्रोमच्या बाजूने जड आहे. मात्र जिवंत गाळात कोणता तंतू किती भार उचलतो, याचे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली शुद्ध केलेल्या तंतूंवरून मिळणार नाही. ज्या संशोधकाच्या मोजमापावर एक बाजू उभी होती, त्यानेच पुरावा पाहून मत बदलले. विज्ञान शिकवणाऱ्यांनी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावा असा हा प्रसंग आहे.

पाणी शुद्ध करण्याचे प्रयोग

१९९१ मध्ये लव्हली आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हे जीवाणू विरघळलेल्या युरेनियमचेही क्षपण करतात, आणि क्षपण झालेले युरेनियम खाली बसते. लोह क्षपणाने विरघळते, युरेनियम क्षपणाने घट्ट होते. दिशा उलटी, पण जीवाणू तोच. कोलोरॅडोमधल्या रायफल येथे जुन्या युरेनियम गिरणीच्या जागी भूजलात ॲसिटेट सोडून याची मोठी चाचणी घेतली गेली. ॲसिटेट मिळताच जिओबॅक्टर फोफावला आणि युरेनियमचे प्रमाण घसरले. काही आठवड्यांनी मात्र सल्फेट खाणारे जीवाणू वरचढ झाले आणि युरेनियम पुन्हा वर येऊ लागले.

या चाचणीतून दोन भूमिका पुढे आल्या. पहिली म्हणते, पद्धत योग्य आहे, ॲसिटेटचा पुरवठा आणि वेळापत्रक सांभाळले की झाले. दुसरी म्हणते, क्षपणाने बसवलेले युरेनियम ऑक्सिजन किंवा नायट्रेट आले की पुन्हा विरघळते, म्हणून त्यावर पिढ्यान् पिढ्या विसंबता येत नाही. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात श्रीकुमार आपटे यांच्या गटाने वेगळी वाट धरली. किरणोत्सर्गाला दाद न देणाऱ्या डायनोकॉकस जीवाणूत त्यांनी फॉस्फेट सोडणारे एन्झाइम घातले आणि युरेनियम फॉस्फेटच्या रूपात बसवले. २००६ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. त्यात क्षपण नाहीच, त्यामुळे हवा लागली म्हणून ते सुटण्याचे भय कमी.

चुनखडकाच्या मुलखाला आणखी एक गोष्ट लागू पडते. पाण्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट भरपूर असले की युरेनियम त्यांच्याशी जोडी बांधते आणि जीवाणूंच्या हाती सहज लागत नाही. हे २००३ मध्ये प्रयोगाने दाखवले गेले. म्हणजे रायफलची कृती माणिकगडाच्या पायथ्याशी जशीच्या तशी उचलून आणता येणार नाही.

क्रोमियमच्या बाबतीत चित्र अधिक आश्वासक आहे. षट्संयुजी क्रोमियम विषारी आणि विरघळणारे. त्याचे क्षपण होऊन त्रिसंयुजी झाले की विषारीपणा खूप घटतो आणि ते मातीला धरून राहते. सहजासहजी ते परतही जात नाही, त्यामुळे इथे टिकाऊपणाची चिंता युरेनियमइतकी नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत किशोर पाकणीकर आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात शीतन मनोऱ्यांतल्या क्रोमेटयुक्त सांडपाण्यावर आणि दूषित मातीवर असे काम केले. मातीच्या प्रयोगात स्यूडोमोनास मेंडोसिना हा जीवाणू वापरला होता. लोह-क्षपण करणारे जीवाणू इथे आडमार्गानेही मदत करतात: त्यांनी बनवलेले फेरस लोह स्वतःच क्रोमियमचे क्षपण करते. युरोपात सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळतात तेही याच रसायनासाठी, कारण ओल्या सिमेंटमधल्या षट्संयुजी क्रोमियममुळे गवंड्यांच्या हातांना इसब होतो.

या सगळ्यांत सर्वांत जास्त कारखान्यांत पोहोचली आहे ती सल्फेटचे क्षपण करणाऱ्या जीवाणूंवरची पद्धत. नेदरलँड्समध्ये बुडेल येथील जस्त कारखान्यात १९९२ पासून दूषित भूजल या जीवाणूंच्या टाक्यांतून जाते. धातू सल्फाइड होऊन खाली बसतात आणि पुन्हा भट्टीत जातात. तीस वर्षांहून जुनी ही गोष्ट आहे. हिचा गाजावाजा सूक्ष्म तारांच्या तुलनेत नगण्य झाला, पण खाणीच्या आम्ल पाण्याचा प्रश्न असलेल्या कुठल्याही जिल्ह्याने आधी हिच्याकडे पाहावे असे मला वाटते.

खनिजांतून धातू काढण्याची उलटी वाटही आहे. वेल्समधल्या बॅरी जॉन्सन यांच्या गटाने आम्लप्रिय जीवाणूंकडून गोथाइटमधल्या लोहाचे क्षपण करवून त्यात अडकलेले निकेल ३० अंश सेल्सिअसला बाहेर काढले. ओडिशातल्या सुकिंदाच्या क्रोमाइट खाणींवरच्या मातीत असेच निकेल अडकलेले आहे, म्हणून भारतासाठी ही वाट महत्त्वाची आहे. मोठ्या प्रमाणावर ती परवडते का, हे अजून ठरायचे आहे.

वीज

धातूऐवजी ग्राफाइटचा तुकडा गाळात खुपसला तरी जिओबॅक्टर त्यालाच इलेक्ट्रॉन देतो. दुसरा तुकडा वरच्या पाण्यात ठेवून दोघांना तार जोडली की विद्युतप्रवाह सुरू होतो. सागरी गाळात हे २००२ मध्ये दाखवले गेले, आणि २००८ मध्ये पोटोमॅक नदीत तरंगणारे एक हवामान यंत्र अशा विजेवर चालवल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. ज्या नदीच्या गाळात हा जीवाणू सापडला, त्याच नदीत.

कमी विजेवर, दुर्गम जागी, वर्षानुवर्षे चालणारी उपकरणे हा या शोधाचा खरा उपयोग आहे. सांडपाण्यातून वीज काढून कारखाने चालवण्याची स्वप्ने मात्र मागे पडली. ऑस्ट्रेलियात याटाला येथील बिअर कारखान्यात २००७ मध्ये एक घनमीटरचा संच बसवला होता. त्यातून अपेक्षेइतकी वीज निघाली नाही. प्रयोगशाळेत काही मिलिलिटरमध्ये मिळणारी शक्ती आकार वाढवला की त्याच प्रमाणात वाढत नाही, कारण अंतर वाढते तसा पाण्याचा रोध वाढतो. ही अडचण आजही सुटलेली नाही.

२०१० मध्ये दुसरी बाजू उघडली. दोन जातींचे जिओबॅक्टर मध्ये कोणताही रेणू न पाठवता एकमेकांना थेट इलेक्ट्रॉन देतात, असे आढळले. मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांशीही हा व्यवहार होतो, आणि कोळशाची पूड किंवा मॅग्नेटाइट मिसळल्याने तो सोपा होतो. हा शोध गोबरगॅसच्या टाकीपर्यंत थेट पोहोचतो. दूरच्या वीजनिर्मितीपेक्षा खेड्याला हा उपयोग जवळचा आहे, आणि यावर मराठी मुलखात अधिक काम व्हावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

उलटी बाजू : आर्सेनिक आणि पारा

बंगालच्या त्रिभुज प्रदेशातल्या विहिरींत आर्सेनिक आले कुठून, हा नव्वदच्या दशकातला मोठा वाद होता. उपशामुळे पातळी खाली गेली, हवा आत शिरली, पायराइट ऑक्सिडीकरण होऊन आर्सेनिक सुटले, असे एक मत होते. १९९८ पासून दुसरे मत बळावले: आर्सेनिक लोहाच्या गंजाला चिकटून असते आणि गंजाचे क्षपण झाले की तेही सुटते. २००४ मध्ये जॉन लॉइड यांच्या गटाने पश्चिम बंगालचा गाळ घेऊन त्यात ॲसिटेट घातले. धातू-क्षपण करणारे जीवाणू वाढले, आधी लोह सुटले, मग आर्सेनिक. हे मत आज बहुतेकांना मान्य आहे. जीवाणूंना लागणारे सेंद्रिय अन्न कुठून येते, वरच्या तळ्यांतून झिरपते की खोल गाडल्या गेलेल्या वनस्पतींतून, हा प्रश्न मात्र उघडा आहे. उपसा वाढल्याने ते अन्न ओढले जाते का, हेही त्याच्याशी जोडलेले आहे.

हा प्रश्न आपल्याला दूरचा नाही. गडचिरोलीच्या सीमेपलीकडे छत्तीसगडमधल्या अंबागड चौकी भागात, कौडीकसा परिसरात आर्सेनिकग्रस्त विहिरी आहेत. १९९९ मध्ये तिथल्या रुग्णांविषयी लेख प्रसिद्ध झाला, तेव्हा हा भाग मध्य प्रदेशातल्या राजनांदगाव जिल्ह्यात होता. तिथे बंगालसारखा नदीचा गाळ नाही. आर्सेनिकचा उगम प्राचीन ज्वालामुखीय खडकांत मानला जातो. अशा कठीण खडकात जीवाणूंचा वाटा किती आणि नुसत्या झिजेचा किती, हे वेगळे तपासावे लागते. बंगालचे उत्तर इथे आपोआप लागू होत नाही.

पाऱ्याचा धोका कमी बोलला जातो. कोळसा जळताना त्यातला पारा काही अंशी धुरावाटे बाहेर पडतो आणि पावसाबरोबर तलाव-नद्यांत उतरतो. गाळातले काही सल्फेट-क्षपक आणि काही जिओबॅक्टर त्याचे मिथिल-पाऱ्यात रूपांतर करतात, आणि हा मिथिल-पारा माशांत साठत जातो. ही क्षमता कोणत्या जनुकांनी येते ते २०१३ मध्ये कळले. शेवानेलात ती जनुके नाहीत. म्हणजे एखाद्या तलावात धातू-क्षपण करणारे जीवाणू आहेत एवढ्याने काही कळत नाही, ते कोणते आहेत ते पाहावे लागते. २९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र असलेल्या चंद्रपूरला आणि मामा तलावांतल्या मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर समाजाला या तपासणीची गरज इतर कुणाहून जास्त आहे.

या जिल्ह्यांपुरते काय उरते

एक मर्यादा आधीच मान्य केली पाहिजे. चंद्रपूर जिल्ह्यात भूजलातल्या ज्या दोषांनी सर्वांत जास्त गावे गांजली आहेत त्यांत फ्लोराइड पुढे आहे, आणि फ्लोराइडपुढे हे जीवाणू निष्प्रभ आहेत. फ्लोराइड इलेक्ट्रॉन घेत नाही, त्यामुळे त्याचे क्षपण होत नाही. दात पिवळे पडलेल्या मुलांच्या गावाला या शाखेकडून काही मिळणार नाही, आणि कुणी तसे आश्वासन देत असेल तर ते थांबवायला हवे.

लोहाच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. गडचिरोलीतल्या अनेक हातपंपांचे पाणी काढताना स्वच्छ असते आणि घागरीत तासभर ठेवले की तांबडे होते. जमिनीखालच्या क्षपणाने लोह फेरस रूपात विरघळते आणि घागरीत हवा लागून गंजते. हवा देऊन वाळूतून गाळणे हा जुना उपाय त्याला पुरतो. मात्र ते तांबडे पाणी एक इशाराही देते: तिथे क्षपण जोरात आहे, तेव्हा आर्सेनिक आणि मँगनीजही तपासून घ्यावे. आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

खाणींच्या ढिगाऱ्यांवर नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने मोठे काम केले आहे. आशा जुवारकर यांच्या पुढाकाराने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या उजाड ढिगाऱ्यांवर मळी, जीवाणू आणि झाडे एकत्र वापरून जंगल उभे राहिले. यात क्षपण करणाऱ्या जीवाणूंचा वाटा वेगळा मोजलेला नाही. झाडांच्या मुळांभोवती ऑक्सिजन येतो, खाली मळी कुजताना तो संपतो, तेव्हा दोन्ही प्रक्रिया तिथे शेजारी शेजारी चालत असणार, आणि मँगनीज त्यामुळे मातीत टिकते की ओढ्यात उतरते हा तपासण्याजोगा प्रश्न आहे.

जिवतीच्या पठारावर उन्हाळ्यात कोलाम पाड्यांना झिऱ्यांवर आणि टँकरवर दिवस काढावे लागतात. तिथे आधी पाण्याची उपलब्धता, मग त्याची शुद्धता. बेसाल्टमध्ये लोह आहे, चुनखडकात कार्बोनेट आहे, शेजारी मँगनीज आहे, आणि झिऱ्याच्या तळाशी पाला कुजतो. जीवाणूंना लागणारे सगळे इथे एकत्र आले आहे, पण तिथल्या गाळात नेमके कोण राहतात याची यादी बनवायची आहे. गडचिरोलीत २०११ मध्ये सुरू झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना हा विषय हाताशी आहे. त्यासाठी पहिली साधने महाग नाहीत: गाळाचा उभा काप, आम्लता आणि क्षपण-विभव मोजणारे मीटर, फेरस लोहाची रंगाने होणारी चाचणी. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर अशी दोन वेळची मोजणी लागेल, कारण पाणी भरले की क्षपण वाढते आणि ओसरले की थांबते. एका वेळच्या नमुन्यावर काढलेला निष्कर्ष दुसऱ्या ऋतूत चुकतो. जीवाणूंचे जनुक वाचण्याचे काम त्यानंतरचे, आणि ते पुण्या-नागपूरच्या प्रयोगशाळांच्या मदतीने होऊ शकते.